स्टार्टिंग पिचर बघून बेसबॉलवर पैसे लावायची ‘सिस्टीम’ चालते का?

तुम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनला राहता आणि ऑफिसातल्या एकाच्या ओळखीने 300 डॉलरला बेसबॉलची एक ‘सिस्टीम’ तुम्हाला मिळते आहे. तिचे नियम असे: ज्याच्या नावावर मागचे तिन्ही सामने विजय म्हणून लागलेत, ज्याचा ईआरए (नऊ इनिंगच्या पूर्ण सामन्यामागे सरासरी दिलेले रन) 3 च्या खाली आहे आणि जो आज घरच्या मैदानावर टाकतोय, अशा स्टार्टिंग पिचरच्या (संघासाठी चेंडू टाकायला सुरुवात करणाऱ्याच्या) संघावर पैसे लावायचे. हरलात तर पुढच्या वेळी रक्कम दुप्पट. गेल्या मोसमात यातल्या 62 टक्के पैजा जिंकल्या, असं विकणारा म्हणतो. ही सिस्टीम घ्यावी का आणि पिचर नेमका कसा जोखायचा, असे दोन प्रश्न तुम्ही विचारलेत.

पहिल्याचं उत्तर: घेऊ नका. पण दुसरा प्रश्न फार चांगला आहे आणि तो नीट समजला की पहिल्याचं उत्तर तुमचं तुम्हालाच दिसेल. मी विम्याच्या धंद्यात जोखीम मोजायचं काम करतो. न्यू जर्सीत पैज कायदेशीर झाली जून 2018 मध्ये. तेव्हापासूनची माझी प्रत्येक पैज वहीत तारीख, भाव आणि कारणासकट लिहिलेली आहे. त्या वहीच्या आधारावर बोलतोय.

आधी ते 62 टक्के. बेसबॉलमध्ये दोन्ही संघांना सारखा भाव नसतो. ‘उणे 150’ म्हणजे 100 डॉलर जिंकायला 150 लावायचे. ‘अधिक 130’ म्हणजे 100 लावले तर 130 मिळणार. तीन सामने सलग जिंकलेला, कमी ईआरएचा, घरी खेळणारा पिचर म्हटल्यावर भाव उणे 150 पासून उणे 200 पर्यंत कुठेही असतो. मधला उणे 170 धरू. शंभर पैजा लावल्या, 62 जिंकल्या: हातात आले 6,200 डॉलर. 38 हरल्या, प्रत्येकी 170 गेले: एकूण 6,460. म्हणजे 62 टक्के जिंकूनही 260 डॉलर खिशातून गेले. उणे 170 ला नुसतं बरोबरीत राहायलाच 63 टक्के लागतात. उलट अधिक 130 भावाच्या दुबळ्या संघांवर शंभरातल्या फक्त 45 पैजा जिंकणारा माणूस 350 डॉलर कमावून बसतो. जो तुम्हाला टक्केवारी सांगतो आणि भाव सांगत नाही, त्याने काहीच सांगितलेलं नाही.

आता दुप्पट करण्याचं. ही युक्ती जुनी आहे आणि बरोबरीच्या भावाला निदान कागदावर तरी जुळते. उणे 150 ला तीही जुळत नाही, हे विकणाऱ्याच्या लक्षात आलेलं दिसत नाही. 150 हरलात. पुढे 300 लावले आणि जिंकलात तर 200 मिळतात, म्हणजे 50 ची कमाई. पण दुसरीही हरलात, एकूण 450 गेले, तिसऱ्याला 600 लावून जिंकलात, तर मिळतात 400. जिंकूनही 50 डॉलरनी मागे! चौथ्यापर्यंत गेलात तर जिंकून 250 नी मागे.

मागचं सगळं भरून निघून वर 100 उरावेत अशा हिशेबाने रक्कम वाढवत नेली तर ती 150, 375, साडेनऊशेच्या आत-बाहेर आणि मग 2,344 अशी चढते. जिंकेपर्यंत किंवा चार हरेपर्यंत एक फेरी धरा. चार सलग हरण्याची शक्यता, जिंकण्याची खरी ताकद 60 टक्के धरली तरी, 39 फेऱ्यांत एकदा. तेव्हा एका झटक्यात 3,800 डॉलर जातात, म्हणजे अडतीस फेऱ्यांची कमाई. आणि खरी ताकद 60 नसून 58 असली तर (बुकी आपला कट भावातच ठेवतो, म्हणून ती बहुधा तेवढीच असते) दर फेरीला सरासरी साडेएकवीस डॉलर तोटा पक्का. रक्कम कशीही फिरवा, वाईट भाव चांगला होत नाही. मोसम सहा महिने, जवळजवळ रोज सामने. अशी चार पराभवांची माळ त्यात दोन-तीनदा लागणं सहज शक्य आहे.

आता पिचरकडे वळू. क्रिकेट बघून मोठं झालेल्या आपल्या लोकांना स्टार्टिंग पिचर म्हणजे सलामीचा बोलर वाटतो. त्याहून तो बराच जास्त आहे. पाच जणांची पाळी असते, दर पाच-सहा दिवसांनी एकाचा नंबर. तो दिवस त्याचा. नव्वदेक चेंडू, पाच-सहा इनिंग. म्हणूनच एकाच संघाचा भाव आज उणे 180 आणि उद्या अधिक 110 असू शकतो. बदललेला असतो फक्त पिचर. त्यामुळे पिचर नीट ओळखता आला तर काहीतरी हाती लागेल, ही तुमची समजूत मुळात बरोबर आहे. चूक आहे ती मापात.

‘विजय’ हे माप पहिल्यांदा टाकून द्या. पिचरच्या नावावर विजय लागायला त्याच्या संघाने रन करावे लागतात आणि ते त्याच्या हातात नसतं. 1987 मध्ये नोलन रायनचा ईआरए 2.76 होता, नॅशनल लीगमध्ये (दोन मोठ्या लीगांपैकी एक) सर्वात कमी. स्ट्राइकआउटही (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर) सर्वात जास्त, 270. त्याच्या नावावर लागले 8 विजय आणि 16 पराभव. 1968 मध्ये बॉब गिब्सनचा ईआरए 1.12 होता. पिचर इतके भारी पडायला लागले की पुढच्या वर्षी माउंडची (पिचर उभा राहतो त्या उंचवट्याची) उंची 15 इंचांवरून 10 वर आणली. तोही त्या मोसमात 9 सामने हरला.

2018 चा जेकब डीग्रॉम मी क्वीन्सला सिटी फील्डवर जाऊन पाहिला. ईआरए 1.70, 217 इनिंगमध्ये 269 स्ट्राइकआउट आणि फक्त 46 वॉक (चार चेंडू बाहेर टाकून बॅटरला फुकट दिलेला पहिला बेस). वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्यालाच मिळाला. त्याने सुरू केलेल्या 32 सामन्यांत त्याचा मेट्स संघ जिंकला 14 आणि हरला 18. माझ्या वहीची पहिली पानं त्याच उन्हाळ्यातली आहेत आणि त्यांत डीग्रॉमच्या बाजूने लावलेल्या बऱ्याच पैजा आहेत. पिचरबद्दल माझं मत शंभर टक्के खरं होतं. पण तेच मत भाव ठरवणाऱ्यांचंही होतं, त्यामुळे दर वेळी मी महाग भाव दिला. वर मेट्सची बॅटिंग आणि बुलपेन (स्टार्टरनंतर येणारे पिचर) या दोन्हींकडे मी तेव्हा डोळेझाक केली. त्या मोसमाने मला जे शिकवलं तेच आज तुम्हाला सांगतोय.

ईआरए म्हणजे नऊ इनिंगमागे दिलेले अर्न्ड रन, क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेले वगळून. विजयापेक्षा हे माप बरं, पण तेही फसवतं. बोलरच्या चेंडूवर कड लागली आणि स्लिपच्या मधून चौकार गेला, तर चेंडू वाईट होता का? नाही. 2001 मध्ये व्होरोस मॅक्रॅकन नावाच्या एका हौशी अभ्यासकाने बेसबॉलमधलं हेच दाखवून दिलं: बॅटला लागून मैदानात राहिलेल्या चेंडूंपैकी किती हिट होतील (बॅटर बाद न होता बेसवर पोचेल), यावर पिचरचा ताबा लोकांना वाटतो त्याहून फार कमी असतो. असे चेंडू बहुतेकांच्या बाबतीत 30 टक्क्यांच्या आसपास हिट होतात. एखाद्याचा आकडा दहा सामन्यांत 23 टक्के दिसला तर बहुधा त्याचे क्षेत्ररक्षक आणि नशीब चांगलं आहे, आणि तो आकडा हळूहळू वर सरकणार. मुख्यतः पिचरच्या ताब्यातल्या गोष्टी तीन: स्ट्राइकआउट, वॉक (अंगावर चेंडू मारणं त्यातच धरा) आणि होम रन (मैदानाबाहेर गेलेला फटका). तिसरीतही मैदान आणि वारा यांचा वाटा मोठा.

यावरूनच एफआयपी हे क्षेत्ररक्षण वगळून पिचर जोखणारं माप आलं. कागद-पेन्सिल घेऊन काढता येतं: होम रन गुणिले 13, अधिक वॉक आणि अंगावरचे चेंडू मिळून गुणिले 3, वजा स्ट्राइकआउट गुणिले 2. या बेरजेला इनिंगने भागा आणि 3.10 च्या आसपासचा एक स्थिरांक मिळवा, म्हणजे आकडा ईआरएच्या पट्टीत येतो.

दोन कल्पित पिचर घेऊ, दोघांच्याही 60 इनिंग झालेल्या. पहिल्याचा ईआरए 2.40, स्ट्राइकआउट 48, वॉक आणि अंगावरचे मिळून 27, होम रन 5. हिशेब: 65 अधिक 81 वजा 96, म्हणजे 50. भागिले 60, अधिक 3.10. एफआयपी 3.93. दुसऱ्याचा ईआरए 4.30, स्ट्राइकआउट 70, वॉक वगैरे 15, होम रन 7. हिशेब: 91 अधिक 45 वजा 140, म्हणजे उणे 4. एफआयपी 3.03. तुमची सिस्टीम पहिल्यावर पैसे लावेल आणि दुसऱ्याकडे ढुंकूनही बघणार नाही. मी पुढच्या सामन्यासाठी दुसरा घेईन.

त्यातूनही एकच आकडा बघायला वेळ असेल तर मी म्हणेन, पिचरने सामना केलेल्या दर शंभर बॅटरमागे स्ट्राइकआउट किती आणि वॉक किती, त्यांची वजाबाकी करा. सध्या लीगची सरासरी साधारण 14 आहे. 20 च्या वर असेल तो उत्तम, 8-9 वर असेल तो ईआरए कितीही सुंदर असला तरी उसन्या पैशावर जगतोय. हे माप मला आवडतं कारण ते लवकर खरं बोलायला लागतं. स्ट्राइकआउटचं प्रमाण साधारण 70 बॅटरनंतर, म्हणजे तीनेक सामन्यांत, भरवशाचं होऊ लागतं. वॉकला त्याहून दुपटीपेक्षा जास्त वेळ लागतो. मैदानात राहिलेल्या चेंडूंच्या टक्केवारीला वर्षंच्या वर्षं लागतात. म्हणून ‘मागचे तीन सामने’ या शब्दांवर एवढा भर देऊ नका. तीन सामने म्हणजे 16-17 इनिंग. त्यात ईआरए 1.50 असणं आणि विजय लागणं ही पुष्कळदा कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडावी तशी गाठ असते.

तीन सामन्यांत मी एकच गोष्ट मात्र जरूर बघतो, चेंडूचा वेग. 2015 पासून स्टॅटकास्ट यंत्रणेमुळे प्रत्येक चेंडूचा वेग, फिरकी आणि बॅटवरून सुटतानाची गती कोणालाही फुकट बघता येते. नेहमी 95 मैलांचा फास्टबॉल टाकणारा माणूस दोन सामन्यांपासून 93 वर आला असेल तर खांद्यात किंवा कोपरात काहीतरी चाललंय, असं धरून मी त्याच्या बाजूने पैसे लावत नाही. निकाल बिघडायच्या आधी वेग बिघडतो.

मैदानाबद्दल थोडक्यात सांगतो. डेन्व्हरचं कूर्स फील्ड समुद्रसपाटीपासून मैलभर उंचीवर आहे. हवा विरळ, चेंडू लांब जातो, वळतो कमी. 2002 पासून तिथे चेंडू आर्द्रतेच्या कपाटात ठेवतात, तरी ते बॅटरचंच मैदान राहिलं. तिथल्या पिचरचा ईआरए 4.20 आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या पिचरचा 3.70 शेजारी ठेवून तुलना करू नका. शिकागोच्या रिग्ली फील्डवर वाऱ्याची दिशा बघितल्याशिवाय एकूण रनांवर पैसे लावायचेच नाहीत.

यापेक्षा मोठा मुद्दा, जो सिस्टीमवाले कधीच सांगत नाहीत, तो हा की स्टार्टर आता पूर्ण सामना टाकत नाही. गिब्सनने 1968 मध्ये 34 पैकी 28 सामने स्वतः संपवले होते. आजचा स्टार्टर पाच इनिंगच्या थोडा पुढे जाऊन चेंडू सोडतो, कारण तेच बॅटर तिसऱ्यांदा समोर आले की त्यांना त्याची नस सापडलेली असते. 2020 च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, सहावा सामना आठवा. टॅम्पा बेचा ब्लेक स्नेल 73 चेंडूंत 9 स्ट्राइकआउट घेऊन, एका रनाची आघाडी राखून टाकत होता. सहाव्या इनिंगमध्ये व्यवस्थापक केव्हिन कॅशने त्याला काढलं, बुलपेनमधला माणूस आला आणि समोरच्या डॉजर्सनी त्याच इनिंगमध्ये आघाडी घेऊन सामना आणि विजेतेपद जिंकलं. निर्णय चूक की बरोबर यावर अजून वाद घालतात. माझ्या मते तत्त्व बरोबर होतं, पण त्या रात्रीच्या स्नेलला काढायला नको होतं. ते असो. पैज लावणाऱ्यासाठी महत्त्वाचं हे की तुम्ही ज्याच्या नावावर पैसे लावलेत तो शेवटच्या तीन-चार इनिंग बाकावर बसून बघणार आहे.

आता या सगळ्याची किंमत काढू. वरच्या दोन पिचरमधला फरक एफआयपीने नऊ इनिंगमागे 0.90 रन. 60 इनिंगवर पूर्ण विश्वास टाकायचा नसतो, म्हणून निम्मा धरतो: 0.45. नऊपैकी साडेपाच इनिंगच टाकणार, म्हणून उरले साधारण 0.27. बेसबॉलचा जुना ठोकताळा असा की दहा रन म्हणजे एक विजय. तेव्हा 0.27 रन म्हणजे जिंकण्याची शक्यता पावणेतीन टक्क्यांनी जास्त. बस, एवढंच. ईआरएमधला तो 1.90 चा डोंगर खऱ्या हिशेबात पावणेतीन टक्क्यांचा उंचवटा निघाला, तोही उलट बाजूला.

बाकी संघ सारखे धरले आणि दुसरा पिचर घरी टाकतोय, तर घरच्या संघाचे नेहमीचे साडेत्रेपन्न टक्के अधिक हे, म्हणजे 56 च्या जवळपास. 56 टक्क्यांचा रास्त भाव होतो उणे 127. बाजारात उणे 140 मिळत असेल तर पिचर कितीही आवडो, मी हात लावत नाही. उणे 115 मिळत असेल तर घेतो. ‘चांगला पिचर कोण’ हा आमच्या कामाचा अर्धा भाग. ‘भावात आधीच धरलंय त्याहून तो चांगला आहे का’ हा उरलेला आणि अवघड अर्धा. भाव ठरवणाऱ्यांकडे एफआयपी, वेग, वारा सगळं असतं. म्हणून वर्षातल्या बहुतेक दिवशी माझ्या हिशेबात आणि बाजाराच्या भावात घेण्यासारखा फरकच नसतो आणि मी काही लावत नाही.

रक्कम किती लावायची याचं गणित 1956 मध्ये जॉन केली यांनी मांडलं. ते बेल लॅब्जमधले, म्हणजे तुमच्या घरापासून फार लांब नव्हे. वरच्या उदाहरणात, शक्यता 56 टक्के आणि भाव उणे 115, त्यांचं सूत्र सांगतं की गाठीच्या 5.4 टक्के लावा. पण ते 56 माझा अंदाज आहे, देवाचा शब्द नाही. म्हणून मी त्याचा चौथा हिस्सा लावतो. 1,000 डॉलर बाजूला काढलेले असतील तर साडेतेरा डॉलर. हरलो तर पुढची रक्कम कमी होते. तुमच्या सिस्टीमच्या बरोबर उलट.

पैज टाकताना एक बारीक गोष्ट सांभाळा. तिच्यामुळे पहिल्या दोन वर्षांत माझं नुकसान झालं. ‘लिस्टेड पिचर’ असा पर्याय असेल तर तो निवडा. म्हणजे जाहीर झालेला पिचर आयत्या वेळी बदलला तर पैज रद्द होऊन पैसे परत येतात. नाहीतर तुम्ही एकाच्या भरवशावर भाव घेता आणि मैदानात येतो भलताच. शिवाय जाहीर झालेलं नाव ‘ओपनर’चं आहे का हेही बघा. 19 मे 2018 ला टॅम्पा बेने सर्जिओ रोमो या शेवटच्या इनिंगांसाठी वापरल्या जाणाऱ्या पिचरला सामना सुरू करायला लावलं आणि एक इनिंग झाल्यावर काढून घेतलं. तेव्हापासून ही पद्धत रूढ झाली. अशा दिवशी यादीतलं नाव बघून केलेला सगळा अभ्यास वाया जातो. खरं काम दुसऱ्या इनिंगपासून येणारा माणूस करणार असतो. स्टार्टरवरच पैज लावायची असेल तर ‘पहिल्या पाच इनिंग’ची वेगळी पैज मिळते. बुलपेनचा प्रश्न त्यात बराचसा सुटतो, म्हणून माझ्या वहीत निम्म्याहून जास्त नोंदी त्याच आहेत.

नाशिकच्या भावालाही यात घ्यायचा विचार तुम्ही लिहिलात. तो सोडून द्या. भारतात ऑगस्ट 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर सरसकट बंदी आली आहे, आणि महाराष्ट्रातला जुगारबंदीचा कायदा तर 1887 पासूनचा आहे. परदेशी ॲप आडमार्गाने चालतं म्हणून कोणी सांगेल, पण तिथे अडकलेला पैसा मागायला कोणत्याच दारात जाता येत नाही.

तुमच्यासाठी काम असं. हा मोसम एक डॉलरही न लावता वही चालवा. रोज एकच सामना निवडा. दोन्ही पिचरची स्ट्राइकआउट-वॉक वजाबाकी, एफआयपी, मागच्या तीन सामन्यांतला वेग आणि मैदान लिहा. मग बाजाराचा भाव न बघता स्वतःचा भाव काढा. नंतर सकाळचा भाव लिहा आणि पहिला चेंडू पडायच्या क्षणीचाही. तुम्ही सकाळी उणे 115 ला निवडलेला संघ संध्याकाळी उणे 130 झाला असं वारंवार दिसलं, तर निकाल काहीही लागोत, तुम्हाला पिचर कळू लागलाय. उलट दिसलं तर अजून नाही. निकालांवर जाऊ नका. शंभर पैजांत नुसत्या नशिबाने पाच टक्के इकडे-तिकडे होतात, आणि त्या सिस्टीमचे 62 टक्केही त्याच घेराच्या आतले आहेत. मेअखेर पन्नासेक नोंदी होतील. तेव्हा ती वही मला पाठवा, भावाच्या तिन्ही रकान्यांसकट.